कोकणात चालणं, डोंगरी सायकल आणि पोराबाळांसकट तंबू: एका जागी जमेल का?

मृद्‌गंधा | ३ डिसेंबर

नमस्कार मंडळी,

जूनमध्ये नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही पुण्याहून रत्नागिरीत आलो. पावसाळाभर कोकण खिडकीतून बघितलं. आता बाहेर पडायची घाई झालीय, पण घरात पाच माणसं आणि पाच तऱ्हा. नवऱ्याची एमटीबी (डोंगरी सायकल) सध्या गॅलरीत कपडे वाळत घालायच्या कामी येते. मुलगा ११ वर्षांचा, त्याला तंबूतच झोपायचंय, व्हिडिओ बघून बघून आमचं डोकं खाल्लंय. धाकटी ७ वर्षांची, दोन किलोमीटर हसत चालते, तिसऱ्याला कडेवर. सासूबाई ६८ वर्षांच्या, गुडघे कुरकुरतात, पण "तुम्ही जा, मी थांबते घरी" म्हणणाऱ्यांतल्या नाहीत. मला नुसतं चालायला मिळालं तरी पुरे.

माझी नणंद परदेशात असते. तिच्या गावाजवळ एक पार्क आहे म्हणे. गेटवर पैसे भरायचे, आत पायवाटा वेगळ्या, सायकलवाटा वेगळ्या, तंबूला आखलेली जागा, नळ, संडास, सगळं. असं एखादं ठिकाण कोकण किनाऱ्यावर आहे का? नाताळच्या सुट्टीत दोन रात्री जायचा विचार आहे.

रिसॉर्ट सुचवू नका प्लीज.

---

टिकोजीराव

रिसॉर्ट सुचवू नका म्हटल्यामुळे माझा प्रतिसाद इथेच संपला.

---

पनवेलकर

आमच्याकडे कर्नाळा आहे! १९६८ पासूनचं पक्षी अभयारण्य, अगदी हायवेला लागून. आखलेल्या पायवाटा आहेत, गेटवर प्लास्टिकच्या बाटल्या मोजून घेतात. किल्ल्यापर्यंत चढ दमवणारा आहे, पण ११ वर्षांचा मुलगा आरामात जाईल. वरच्या सुळक्याला आग्या मोहोळं लटकलेली असतात, त्यामुळे आरडाओरडा आणि अत्तर दोन्ही बंद. (वासुदेव बळवंत फडक्यांचे आजोबा या गडाचे किल्लेदार. शिरढोण इथून हाकेवर.)

सायकल मात्र नाही, आणि तंबू तर नाहीच. म्हणजे तुमच्या तीनपैकी एकच.

---

रानवेडी

कर्नाळ्यापेक्षा मी फणसाड सांगेन. मुरूड-रोह्याच्या मधलं रान, साधारण ५४ चौ. कि.मी., जंजिऱ्याच्या नबाबाचं शिकारीचं जंगल होतं म्हणून तर टिकलं. १९८६ ला अभयारण्य झालं. सुपेगावच्या बाजूने आत जायचं. वाटाड्या घ्याच, आत फाट्यांचं जाळं आहे. तिथे पाणवठ्यांना 'गाण' म्हणतात. एका गाणीवर दीड तास गप्प बसलो तेव्हा कुठे शेकरू उतरलं. आमची पोरं आयुष्यात पहिल्यांदा दीड तास गप्प बसली, तेही नोंद घेण्यासारखंच.

राहण्याची सोय वनखात्याची, गावाच्या अंगाला. रानात आत तंबू ठोकणं हे डोक्यातून काढून टाका. अभयारण्य म्हणजे पार्क नव्हे.

फक्त रत्नागिरीहून हे लांब पडेल.

---

बोरिवली_पूर्व

कुणी म्हणत नाहीये म्हणून मीच म्हणतो. गेट आहे, तिकीट आहे, आत भाड्याने सायकली मिळतात, पायवाटा आहेत, वर कान्हेरीची शंभरावर लेणी. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान! आणि मुंबई सरकारी दप्तरात कोकण विभागातच येते.

---

मालवणी मसाला

बोरिवली कोकणात??? तर मग दादर आमच्या मालवणचा एक वाडो.

---

बोरिवली_पूर्व

दादरला मे महिन्यात एसटीच्या रांगेत उभं राहून बघा, मग बोला.

---

गिअरलेस

मूळ प्रश्नाकडे येतो, कारण गॅलरीतल्या सायकलीचं दुःख मला कळतं.

ताई, तुम्ही रत्नागिरीत राहून पार्क शोधताय? खाडी सोडून वर चढा. सगळीकडे सडा. जांभ्याचं पठार, मैलोनमैल, मध्येच एखादं कुंपण, एखादा आंब्याचा कलम-बाग, गुरांच्या वाटा. या गुरांच्या वाटांइतकी सुंदर सायकलवाट कुणी मुद्दाम बांधून देणार नाही. ऑक्टोबरपर्यंत चिखल आणि शेवाळ असतं, पाऊस आटपला की डिसेंबर-जानेवारी सोन्यासारखे. फुलोरा मात्र सप्टेंबरचा, तो आता गेला.

अनुभवाचे चार बोल. ट्यूबलेस टायर करून घ्या, आत सीलंट घाला. करवंदीचा काटा साध्या ट्यूबला सोडत नाही. हवा थोडी कमी ठेवा, जांभा दात खिळखिळे करतो. लांब बाह्यांचा शर्ट घाला. या दिवसांत खाजकुयलीच्या शेंगा वाळलेल्या असतात, अंगावर त्यांची लव उडाली तर सायकल टाकून नाचायला लागाल. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चिरेखाणी. चिरे काढून झाले की खड्डा तसाच सोडतात, चौकोनी, कडा सरळ उभ्या, दहा-पंधरा फूट सहज. वाळलं गवत कडेपर्यंत आलेलं असतं. मी एकदा संध्याकाळी पुढचं चाक कडेवर येऊन थांबलो, दुसऱ्या दिवशी दिवसाउजेडी ती जागा बघून पाय लटपटले. सूर्य कलला की सड्यावर सायकल नको. मुलाला मागे बसवून तर अजिबात नको.

---

कातळपुत्र

गिअरलेस, चिरेखाणीचं लिहिलंत ते उत्तम. पण "सगळीकडे सडा, चढा आणि चालवा" याला माझा जोरदार आक्षेप.

या सड्यावर कातळशिल्पं आहेत, म्हणजे जांभ्यात कोरलेल्या जुन्या आकृत्या. उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ, रुंढे तळी ही नावं तरी २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. ज्यांची नावं कुठेच गेली नाहीत अशी शेकड्यांनी आहेत, अर्धी मातीखाली आणि गवताखाली. खोदाई बोटभर खोल. जांभा दिसायला दणकट, पण कडा ठिसूळ. गेल्या वर्षी आमच्या गावाजवळच्या एका आकृतीवरून बाइकच्या चाकांचे माग गेलेले मी स्वतः बघितले. चालवणाऱ्याला पत्ताही नसणार. उक्षीला कोरलेल्या हत्तीभोवती दगडी गडगा घातला म्हणून तो वाचला.

---

गिअरलेस

ते माग मोटरसायकलचे असतील हो. १२ किलोची सायकल कातळ काय फोडणार?

---

कातळपुत्र

एक सायकल नाही फोडणार. तुमचा फोटो बघून आलेल्या चाळीस फोडतील. आणि वळताना ब्रेक मारून मागचं चाक घसरवणं तुम्हा लोकांना फार प्रिय, तेव्हा किती किलो भार पडतो ते सांगा.

---

गिअरलेस

चाक घसरवण्याबद्दल मान खाली. मग मार्ग काय? बंदीच?

---

कातळपुत्र

बंदी कोण घालणार, सडा काय माझ्या एकट्याचा आहे? मार्ग साधा. जी वाट गुरं आणि माणसं रोज तुडवतात तिच्यावरूनच चाक. उघड्या सपाट कातळावर आलात की उतरा आणि हातात सायकल धरून चाला. आणि गावात आधी विचारा. कुठला सडा कुणाचा आणि कशावर पाय ठेवू नये हे गुराख्याला ठाऊक असतं. देवाचे गोठण्याला आमच्याच माणसाने होकायंत्र काढून दाखवलं, शिल्पापाशी सुई भलतीकडे फिरते. मृद्‌गंधाताई, तुमच्या लेकाला हे तंबूपेक्षा जास्त आवडेल बघा.

---

बागवाली

कुणाचा सडा हा मुद्दा निघालाच आहे तर बोलते, कारण आमचाच आहे, भावकीत सात हिस्से.

घाटावरून आलेल्या लोकांना वाटतं झाडं दिसली म्हणजे सरकारी जंगल. आमच्या जिल्ह्यात सरकारी रान नावाला, बाकी सगळं कुणाच्या ना कुणाच्या सातबाऱ्यावर. त्यामुळे तुम्ही म्हणता तसं पार्क होत नाही, आणि "मोकळी जागा दिसली, तंबू लावला" हेही चालत नाही.

मागच्या डिसेंबरात रात्री ११ वाजता आमच्या बागेच्या वरच्या अंगाला आग दिसली. धावत गेलो तर सहा पोरं शेकोटी करून गिटार वाजवत बसलेली. चांगल्या घरची, अगदी नम्र. पण कलमं मोहोरावर, खाली गुडघाभर वाळलं गवत, वारा सुटलेला! एक ठिणगी आणि वीस वर्षांची झाडं गेली असती. वणव्यात आमच्या चुलत दिरांचे काजू असेच गेलेत. मी त्यांना ओरडले, मग घरी आणून पिठलं-भात घातला, आणि सकाळी खळ्यात (अंगणात) तंबू लावून दाखवा म्हटलं. लावला. तिथेच आणखी दोन रात्री राहिले.

---

टिकोजीराव

पत्ता द्या, आम्हीही नम्रपणे शेकोटी करतो.

---

बागवाली

या. पिठल्याआधीचा भाग आधी मिळेल.

---

मालवणी मसाला

माका एक समाजना नाय. कोकणात येवन तंबू कित्याक व्हयो? पडवी आसा, खळा आसा, वर आभाळ आसा. येवा आमच्याकडे, गादी घालतंय. तंबूत झोपान पाठ मोडूक पैशे कित्याक घालवतास?

---

सुकट बोंबील

+१. माझ्या आज्जीला तंबू दाखवला तर म्हणाली, "मच्छरदाणी एवढी जाड कशाला?"

---

मृद्‌गंधा | ५ डिसेंबर

बाप रे, किती प्रतिसाद! बागवाली, तुमचं वाचून जरा ओशाळले, कारण आम्हीही आरे-वारेच्या वरच्या टेकाडावर "मोकळी जागा" हेरून ठेवली होती.

किनाऱ्यावर तंबू लावला तर? सुरूच्या बनात? वाळू कुणाच्या सातबाऱ्यावर नसेल ना?

---

हर्णेकर

किनाऱ्यावर नको, आणि कारणं सांगतो.

एक, कासवं. ऑलिव्ह रिडलेची मादी थंडीत अंडी घालायला रात्रीच वर येते. वेळासला २००२ पासून संवर्धनाचं काम चाललंय, आता कितीतरी गावांत चालतं. मादीला उजेड आणि हालचाल दिसली तर ती तशीच परत फिरते, आणि फेब्रुवारीनंतर निघणारी पिल्लं समुद्र सोडून दिव्याकडे चालायला लागतात. तुमचा कंदील तुम्हाला रोमँटिक, त्यांना जीवघेणा.

दोन, पाणी. दरवर्षी कुणाची ना कुणाची गाडी पुळणीत (किनाऱ्याच्या वाळूत) रुतते आणि भरती तिला घेऊन जाते. शहरातला माणूस समुद्राला तलाव समजतो. आमच्या आजोबांचा हिशोब लिहून घ्या, मुलाला पाठ करायला द्या. तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, दुपारी तशी पहाटेही. त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पंधरा-वीस मिनिटं इकडेतिकडे. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी पार वर येतं आणि पार खाली जातं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा फार हलत नाही.

याचा सायकलला फायदा असा की ओहोटीला उघडी पडलेली ओली पुळण डांबरी रस्त्यासारखी कडक असते. मुलांना सायकल शिकवायला त्याहून चांगली जागा नाही, पडलं तरी लागत नाही. घरी आल्याबरोबर गोड्या पाण्याने धुवा, चेन कोरडी करून तेल द्या. खाऱ्या वाऱ्याने माझी चेन आठवड्यात तांबडी झाली होती.

आणि तीन, माडाखाली तंबू लावू नका. हे सांगावं लागतं यावर माझा विश्वास बसत नव्हता, पण सांगावं लागतं.

---

टिकोजीराव

न्यूटन कोकणात जन्मला असता तर गुरुत्वाकर्षणाचा शोध लागायच्या आधीच गेला असता.

---

गोळीवाली

पेशाने फार्मासिस्ट, म्हणून रंगाचा बेरंग करते.

सड्यावर फुरसं. लहान, मातीच्या रंगाचं, दगडाखाली. दगड उचलायची वेळ आली तर आधी काठीने हलवा, आणि तंबूला वजन म्हणून दगड मुलांना आणायला सांगू नका. फुरसं चावल्यावर सुरुवातीला फारसं काही वाटत नाही, म्हणून लोक वेळ घालवतात. पट्टी आवळायची नाही, चिरा द्यायचा नाही, पाय हलवू न देता थेट सरकारी दवाखाना. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच लस चालते, त्यामुळे साप मारून पिशवीत घेऊन येऊ नका.

लाल विंचवालाही हसू नका, लहान मुलांना तो फार महागात पडतो. त्यावर प्राझोसिन लागू पडतं हे महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवलं, तेव्हापासून कितीतरी पोरं वाचली. सकाळी बूट झाडून घाला, इतकं केलं तरी पुष्कळ.

---

खवट म्हातारा

आमच्या वेळी अनवाणी फिरायचो, काही व्हायचं नाही.

---

गोळीवाली

ज्यांना झालं ते या धाग्यावर लिहायला आले नाहीत, काका.

---

खवट म्हातारा

बरं. मुद्दा मान्य. मग माझ्याकडून एक कामाचं घ्या. खेड तालुक्यातला रसाळगड. गाडी बरीच वर जाते, उरलेली चढण पोरासोरांना झेपेल अशी. वर झोलाईदेवीचं देऊळ, पाण्याची टाकी, तोफा पडलेल्या. देवळात पथारी टाकायची, तंबू देवळाच्या पुढ्यात. सूनबाईच्या सासूबाईंना (म्हणजे माझ्याच वयाच्या बाईंना) हळूहळू जमेल. शेजारचा सुमारगड मात्र त्यांच्यासाठी नव्हे, तुमच्यासाठीही नव्हे.

आणि सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी पहिला सराव म्हणून गणपतीपुळ्याची प्रदक्षिणा घ्या. डोंगरच देव, म्हणून डोंगराभोवती फेरी. वाट बांधलेली, किलोमीटरभर, पुण्य फुकट.

---

चाकरमानी_ठाणे

त्या "कॅम्पिंग साइट"च्या जाहिरातींना भुलू नका. आम्ही एका खाडीकाठच्या ठिकाणी गेलो होतो. "निसर्गाच्या कुशीत" म्हणे. चाळीस तंबू एकमेकांना चिकटून, रात्री २ पर्यंत डीजे, शेजारच्या तंबूतलं घोरणं आमच्या उशीवर. संडास दोन. बार्बेक्यू म्हणून जे दिलं ते कोंबडी होतं की पनीर यावर घरात अजून एकमत नाही.

---

सुकट बोंबील

अंधारात सगळंच पनीर.

---

गिअरलेस

मृद्‌गंधाताई, सगळ्यांचं ऐकून माझा सुधारित सल्ला. जयगडला जंगलजेटी (गाड्या नेणारी बोट) आहे, तिथून तवसाळला उतरायचं. गाडी, सायकल, सासूबाई सगळं बोटीत चढतं. पलीकडे हेदवी, वेळणेश्वर, पुढे गुहागर. रस्त्याला रहदारी कमी, चढउतार भरपूर. साहेब सायकलवर, बाकी मंडळी गाडीत, ठरल्या जागी भेट. मुक्कामाला गावात एखाद्या घरी विचारा आणि तंबू त्यांच्या खळ्यात. कातळपुत्रांचाही आक्षेप नसावा.

---

कातळपुत्र

नाही. उलट जयगडपर्यंत मी सोबत येईन, मागचं चाक घसरवत नाही ना ते बघायला.

---

मृद्‌गंधा | २९ डिसेंबर

जाऊन आलो! उशिरा लिहितेय, कारण घरात अजून सगळीकडे वाळू आहे.

जंगलजेटीत धाकटी इतकी खूश झाली की तवसाळला उतरायलाच तयार नव्हती. तिच्यासाठी सहल तिथेच संपली असती तरी चाललं असतं. नवरा पुढे सायकलने गेला आणि हेदवीच्या अलीकडच्या चढावर ढकलत चाललेला सापडला. "पायवाटेचा सराव करतोय" म्हणाला. दोन पंक्चर. ट्यूबलेसचा खर्च मीच नको म्हटला होता, त्यामुळे मी गप्प.

मुलाने हर्णेकरांचा हिशोब लावला. त्या दिवशी षष्ठी, सहा पाऊणे साडेचार. बरोबर साडेचारला आम्ही हेदवीच्या बामणघळीपाशी (किनाऱ्याच्या खडकातली अरुंद चीर) हजर, उंच फवारा बघायला. पाणी वेळेवर आलं, फवारा काही आला नाही. घळीत नुसती गुरगुर. एक आजोबा तिथे बसले होते, ते म्हणाले, "भांग जवळ आलाय, समुद्र थंडीतला, आज नाय उडायचा. पावसाच्या तोंडावर उधाणाला या, आणि येवढ्या कडेला उभे राहू नका." मुलगा म्हणतो हर्णेकर आजोबांनी भांगाचं सांगितलंच होतं, मीच वाचलं नाही.

मुक्कामाला रस्त्याकडेच्या वाडीतल्या एका घरी विचारलं. तंबू म्हटल्यावर काकू आधी हसल्या, मग खळं झाडून दिलं. रात्री चुलीवरची भाकरी आणि कुळथाचं पिठलं. शेकोटी केली नाही (बागवाली, नोंद घ्यावी). दहा वाजता मुलगा तंबूतून बाहेर आला, आत कोंदट होतं म्हणे. तो आणि धाकटी पडवीत काकूंच्या नातवंडांसोबत झोपले. आम्ही दोघं बोलत बसलो होतो, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "एवढे पैसे घातलेत तर मी बघते झोपून." दोन्ही रात्री तंबूत त्याच होत्या. दुसऱ्या सकाळी गुडघ्यांबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "गुडघ्यांचं सोड, ते चंद्राचं भोक कशाला ठेवलंय वरती, तेवढं शिवून घे."

सड्यावर मी एकटीच गेले, काकूंच्या दिरांसोबत, सकाळी. सायकल नाही, कॅमेरा नाही. तास-दीड तास चाललो. एका जागी त्यांनी मला थांबवलं आणि फेरा मारून नेलं. खाली काय आहे विचारलं तर म्हणाले, "आमचा आजा पण इथून फेरा मारायचा." गवतच होतं. कातळपुत्र, तुम्ही सांगा काय असेल.

---

कातळपुत्र

सांगतो, पण इथे नको. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, गावाचं नावही तिथेच लिहा. पावसाआधी गवत जळून गेलं की जाऊन बघू.

---

बागवाली

"गवत जळून गेलं की" म्हणजे??

---

कातळपुत्र

वाळून! वाळून गेलं की! क्षमस्व.

---

मालवणी मसाला

वयनी, पुढच्या येळेक मालवणाक येवा. सासूबायक घेवन येवा, तंबू घरी ठेवा.

---

मृद्‌गंधा

तंबू आता त्यांचा आहे हो, त्यांनाच विचारावं लागेल. गिअरलेस, रत्नागिरीत ट्यूबलेस कोण करून देतं? गॅलरीत कपडे पुन्हा वाळायला लागलेत.